फळी फुटते तेव्हां

युद्धांचे इतिहास वाचतांना एक गोष्ट नेहमी मनाला लागते. सेनापतीचें नांव राहतें, प्रसंगीं त्याच्या घोड्याचेंहि राहतें. पण ज्यांनीं वेशीचा दरवाजा आंतून पाठ लावून धरला, त्यांची गणना 'इतर मंडळी' ह्या दोन शब्दांत आटोपते. आज ज्या खेळासंबंधीं मी बोलणार आहें, त्याचाहि इतिहास बहुतांशीं असाच लिहिला गेला आहे. खेळ आहे अमेरिकेंतील फुटबॉल, आणि मला सांगावयाची आहे ती गोष्ट त्या खेळांतील दरवाजा धरणाऱ्या पांच माणसांची. किंबहुना, त्या पांचांपैकीं एखादा लंगडत बाहेर पडला म्हणजे मागें काय होतें, त्याची.

फुटबॉल म्हटल्याबरोबर आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें पावसाळ्यांतील चिखलाचें मैदान आणि पायानें टोलविलेला वाटोळा चेंडू उभा राहील. तो खेळ हा नव्हे. अमेरिकन फुटबॉल रग्बीच्या पोटीं जन्मला आहे. मुंबई जिमखान्यावर रग्बीचे सामने ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना त्याचें कूळ चटकन् ओळखूं येईल. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातांत घेऊन धांवावयाचें, किंवा पुढें फेंकावयाचें. मैदान शंभर यार्ड लांब. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत दहा यार्डांची मजल मारली तर पुन्हां चार, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं. प्रत्येक बाजूस अकरा गडी. चेंडू फेंकणारा जो नायक, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें तें त्याचें, आणि घरोघर मुलांच्या तोंडीं नांव असतें तेंहि त्याचेंच.

त्याच्या पुढें पांच धिप्पाड माणसें ओळीनें वांकून उभीं असतात. मधला सेंटर, दोन पायांमधून चेंडू मागें देऊन प्रत्येक डाव सुरू करणारा. त्याच्या दोन्ही बाजूंस गार्ड, आणि टोकांस टॅकल. ह्या ओळीला अमेरिकन लोक 'ऑफेन्सिव्ह लाइन' म्हणतात. आपण तिला आघाडीची फळी म्हणूं. आजच्या व्यावसायिक संघांत ह्या फळींतील माणसाचें वजन तीनशे पौंडांच्या वर असणें ही सामान्य गोष्ट आहे. ह्या पांचांनीं चेंडू घेऊन पळावयाचें नाहीं; पुढें फेंकलेला चेंडू झेलण्याचीहि त्यांना एरव्हीं मुभा नाहीं. समोरून चालून येणाऱ्या माणसाला अडवावयाचें, एवढेंच त्यांचें काम. मीं प्रथम हा खेळ पाहिला तेव्हां साहजिकच माझे डोळे चेंडूमागें धांवत होते. एका जाणत्यानें सांगितलें, "चेंडू सोडा, पहिले दोन क्षण त्या पांचांकडे पाहा, पुढें काय घडणार तें तुम्हांला आधींच कळेल." तेव्हांपासून मी तसें पाहतों, आणि त्याचें म्हणणें बहुधा खरें ठरतें.

आंकड्यांवर जीव टाकणाऱ्या ह्या देशांत ह्या पांचांच्या नांवावर मात्र जवळ जवळ एकहि आंकडा नसतो. क्वार्टरबॅकला चेंडूसह खालीं पाडलें म्हणजे त्याला 'सॅक' म्हणतात. त्याची अधिकृत मोजदाद राष्ट्रीय लीगनें १९८२ पासून सुरू केली, पण तीहि पाडणाऱ्याच्या नांवावर. फळींतल्या माणसाचा अंक मैदानावर मोठ्यानें पुकारला जातो तो पंच त्याचा अपराध जाहीर करतात तेव्हां. यास्तव ह्या माणसाची किंमत समजण्याचा मार्ग एकच उरतो, आणि तो तो नसतो तेव्हां काय होतें हें पाहण्याचा.

थोडें मागें जाऊं. १८८० सालीं येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप ह्यानें रग्बीची झोंबाझोंबी काढून टाकून दोन संघांना एका रेषेच्या दोहों बाजूंस समोरासमोर उभें केलें, आणि गड्यांची संख्या अकरावर आणली. आजची फळी त्या रेषेवर जन्मली. तिचें पहिलें रूप मोठें भयंकर होतें. १८९२ सालीं हार्वर्डनें येलविरुद्ध 'उडती पाचर' म्हणून एक व्यूह काढला: गडी दोन बाजूंनीं धांवत येऊन पाचरीसारखे एकत्र होत आणि त्या वेगानिशीं एकाच माणसावर आदळत. दोन वर्षांतच तो व्यूह निषिद्ध ठरला. पण तसलेच दाटीचे प्रकार चालू राहिले. १९०५ च्या हंगामांत अठरा-एकोणीस तरुण दगावल्याचें वृत्तपत्रांनीं छापलें. त्या वर्षीं ऑक्टोबरांत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट ह्यांनीं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन ह्यांच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारा असें बजावलें. १९०६ पासून चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली.

ह्या एका नियमानें फळीचें काम दुहेरी झालें. पूर्वीं रेटा देऊन वाट फोडावयाची. आतां त्याबरोबरच मागें सरत सरत, अंगावर येणाऱ्या वेगवान माणसाला दोन-तीन सेकंद थोपवून धरावयाचें, म्हणजे तेवढ्यांत पाठीमागच्या नायकाला चेंडू फेंकतां येईल. १९७८ सालीं उघडे पंजे पुढें करून अडविण्याची मोकळीक मिळाली आणि खेळ उत्तरोत्तर फेंकीचा झाला. पांचांचा समतोल किती नाजूक आहे, तें त्यामुळें अधिकच उघड झालें. रेटा देतांना एक जण कमी पडला तर शेजारचा संभाळून घेतो. मागें सरतांना एका जागीं भोक पडलें कीं पाणी आंत शिरलेंच.

मायामीच्या संघाची कथा ह्या संदर्भांत मला फार बोलकी वाटते. १९७२ च्या ऑक्टोबरांत त्यांचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी ह्याचा पाय मोडला. नायकच गेला म्हटल्यावर संघ कोसळावयाचा. पण अडतीस वर्षांचा अर्ल मोरल त्याच्या जागीं उभा राहिला आणि संघ जिंकतच गेला. सतरा सामने, सतरा विजय. अखेरच्या सामन्यासुद्धां एकहि हार न घेतां हंगाम संपविणारा दुसरा संघ त्या लीगला आजवर मिळालेला नाहीं. त्याचें श्रेय मोरलला जरूर द्यावें, पण त्याच्यापुढें लॅरी लिटल, बॉब कूचेनबर्ग, जिम लँगर अशीं माणसें उभीं होतीं हें विसरूं नये. लँगर तर त्या हंगामांत चढाईच्या एकाहि डावाला बाहेर बसला नाहीं. चेंडू घेऊन धांवणाऱ्या दोघांनीं एका हंगामांत प्रत्येकीं हजार यार्ड काढले. एकाच संघांत असें पूर्वीं घडलें नव्हतें.

पुढच्याच हंगामांत कूचेनबर्गचा हात मोडला. वैद्यांनीं हाडांत धातूची कांडी बसविली, आणि ती कांडी हातांत असतांनाच तो १३ जानेवारी १९७४ रोजीं मिनेसोटाविरुद्ध अंतिम सामन्यांत उतरला. त्याच्यासमोर होता अॅलन पेज. त्या काळीं बचावाच्या फळींत त्याच्या तोडीचे फार थोडे होते. त्या दिवशीं मायामी २४-७ अशी जिंकली. झॉन्कानें धांवून १४५ यार्ड काढले, आणि बऱ्या झालेल्या ग्रीसीला साऱ्या सामन्यांत अवघ्या सात वेळां चेंडू फेंकावा लागला. ह्या आंकड्यांत कूचेनबर्गचें नांव कोठेंच नाहीं. मोडका हात घेऊन खेळणें शहाणपणाचें होतें काय? मला तसें वाटत नाहीं; आणि त्याला तसें करावेंसें वाटलें ह्यांत त्या व्यवसायाचा सारा स्वभाव आला आहे, हेंहि नाकारतां येत नाहीं. त्याकडे शेवटीं पुन्हां वळावयाचें आहेच.

वॉशिंग्टनच्या संघाचें उदाहरण ह्याच अंगाचें आहे. १९८२ सालीं तेथील फळीचा शिक्षक जो बुगेल ह्यानें आपल्या माणसांना 'हॉग्ज', म्हणजे डुकरें, असें नांव ठेवलें, आणि त्या माणसांनीं तें मानाची पदवी म्हणून मिरविलें! जानेवारी १९८३, जानेवारी १९८८ आणि जानेवारी १९९२ अशीं तीन वेळां ह्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. शिक्षक तिन्ही वेळां जो गिब्ज. क्वार्टरबॅक मात्र तिन्ही वेळां निराळा, प्रथम जो थाइझमन, मग डग विल्यम्स, मग मार्क रिपिन. तिन्ही संघांत होते ते जेकोबी, ग्रिम आणि बॉस्टिक, हे फळीचे गडी. त्यांपैकीं जेकोबी आणि बॉस्टिक ह्यांना तर नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडींत कोणीं विचारलेंहि नव्हतें.

ह्याच संघावर १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्रीं तो प्रसंग ओढवला. न्यूयॉर्कच्या संघाशीं सामना. थाइझमननें चेंडू मागच्या गड्याकडे दिला, त्यानें तो परत केला, आणि फेंकण्यासाठीं मोकळा गडी शोधण्यांत क्षण गेला न गेला तोंच लॉरेन्स टेलर त्याच्यावर येऊन आदळला. थाइझमनचा पाय गुडघ्याखालीं कडकन् मोडला. टेलर स्वतः उठून हातवारे करीत मदतीला माणसें बोलावूं लागला. छत्तीस वर्षांचा थाइझमन त्यानंतर पुन्हां कधीं खेळला नाहीं. त्या रात्रीं डाव्या टोकाचा नेहमीचा रखवालदार जो जेकोबी दुखावल्यामुळें बाहेर होता. तो असता तर पाय वांचला असता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. एका क्षणाच्या घटनेला इतकें सरळ कारण नसतें. पण उजव्या हातानें फेंकणाऱ्याची पाठ डाव्या बाजूला असते, तिकडून येणारा त्याला दिसत नाहीं, आणि ती बाजू राखणाऱ्याला मोल आहे, हें लोकांच्या ध्यानांत येण्यास त्या रात्रीचा पुष्कळ हातभार लागला. मायकेल लुइस ह्यांनीं २००६ सालीं 'द ब्लाइंड साइड' हा ग्रंथ लिहिला, त्याचा आरंभ ह्याच प्रसंगानें होतो. आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली: वॉशिंग्टननें तो सामना २३-२१ असा जिंकला.

तेव्हां फळींतला एक माणूस गेला कीं संघ हरलाच, असा हिशेब बसत नाहीं. मग हिशेब बसतो तरी कसा? फिलाडेल्फियाच्या संघानें ह्याचें उत्तर दोन निरनिराळ्या वर्षीं दोन तऱ्हांनीं दिलें आहे. २०१७ च्या ऑक्टोबरांत त्यांचा डाव्या टोकाचा बुजुर्ग टॅकल जेसन पीटर्स गुडघा दुखावून हंगामाला मुकला. त्याच्या जागीं वायताई नांवाचा तरुण आला. डिसेंबरांत क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ ह्याचाहि गुडघा गेला. तरीहि ४ फेब्रुवारी २०१८ रोजीं बदली क्वार्टरबॅक निक फोल्स ह्याला घेऊन त्यांनीं अजिंक्यपदाचा सामना ४१-३३ असा जिंकला, आणि फोल्सला त्या सामन्यांत चेंडूसह एकदांहि कोणाला पाडतां आलें नाहीं. तोच संघ २०२० सालीं पाहा. हंगाम सुरू होण्यापूर्वींच एका गार्डची टांचेवरची मोठी शीर तुटली, एका टॅकलच्या दंडाचा स्नायु फाटला. पुढें एकाचा घोटा, दुसऱ्याचा गुडघा. सोळा सामन्यांत फळीच्या चौदा निरनिराळ्या जुळण्या कराव्या लागल्या. सोळाहि सामन्यांत आरंभापासून उभा राहिला तो सेंटर जेसन केल्सी, एकटा. वेंट्झ बारा सामन्यांत पन्नास वेळां पाडला गेला. चार विजय, अकरा पराजय, एक बरोबरी. वेंट्झला आधीं बांकावर बसविण्यांत आलें, आणि तीनच वर्षांपूर्वीं अजिंक्यपद आणून देणाऱ्या शिक्षकाला जानेवारींत निरोप मिळाला.

दोन्ही वर्षीं दुखापती होत्या. भेद एवढाच कीं २०१७ सालीं एका जागीं माणूस बदलला, आणि नव्या माणसाला शेजाऱ्याशीं ओळख करून घेण्यास तीन महिने मिळाले. ही ओळख म्हणजे काय? समोरचे दोघे एकमेकांच्या मागून वांकडी वाट काढून येतात तेव्हां 'हा तुझा, तो माझा' असा बदल गार्ड आणि टॅकल ह्यांनीं बोलल्याशिवाय करावयाचा असतो. गवंडी नव्या विटा चटकन् रचील. त्यांच्यामधला चुना वाळावयाला जो वेळ लागतो तो लागतोच.

ह्याचा सर्वांत कठोर पुरावा कॅन्सास सिटीच्या संघानें दिला. २०२० च्या हंगामांत त्यांनीं सोळापैकीं चौदा सामने जिंकले होते. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स त्या वेळीं साऱ्या लीगमधील अग्रगण्य. फळीचें नशीब मात्र प्रथमपासून वांकडें. गार्ड लोरां दुव्हर्ने-तार्दिफ हा स्वतः वैद्य; साथीच्या त्या वर्षीं खेळ बाजूस ठेवून तो कॅनडांत रुग्णसेवेला गेला. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ ऑक्टोबरांत पाठीच्या दुखण्यानें बसला. एका गार्डचे गुडघे गेले. तरीहि संघ जिंकत होता, कारण डाव्या टोकाला एरिक फिशर होता. २४ जानेवारी २०२१ रोजीं, अंतिम सामन्याच्या फक्त चौदा दिवस आधीं, बफेलोविरुद्ध जिंकत आलेल्या सामन्याच्या शेवटीं शेवटीं फिशरची टांचेवरची शीर तुटली.

आतां पुढें काय झालें तें नीट ऐका, कारण मर्म येथें आहे. फिशरच्या जागीं उजवीकडचा रेमर्स डावीकडे गेला. रेमर्सच्या जागीं गार्ड वायली टोकाला गेला. वायलीच्या जागीं विस्निएव्स्की आला. हा गृहस्थ तीन वर्षांपूर्वीं फिलाडेल्फियाच्या त्या विजयी फळींत होता, म्हणजे माणूस कच्चा नव्हे. दुखावला एक, हलले तीन. ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं टँपा येथें जें घडलें तें पाहणें माहोम्सच्या शत्रूलाहि सुखाचें वाटलें नसेल. चेंडू फेंकावयाला तो छप्पन्न वेळां मागें सरला, त्यांपैकीं एकोणतीस वेळां प्रतिपक्ष त्याच्या अंगावर आला. अंतिम सामन्यांतील हा उच्चांक. चेंडू हातांतून सोडण्यापूर्वीं तो इकडून तिकडे मिळून सुमारें पांचशे यार्ड पळाला. एकदां तर तो जमिनीला समांतर पडत असतां त्यानें चेंडू फेंकला, आणि तो झेलणाऱ्याच्या थेट तोंडाशीं जाऊन आदळला. टँपा ३१, कॅन्सास सिटी ९. त्याच्या पायाचा आंगठा दुखावलेला होता, संघाच्या हातून अपराधहि पुष्कळ झाले, हें सारें मान्य. पण माहोम्ससारखा माणूस असून एकहि पूर्ण गोल होऊं नये, ह्याचा उलगडा त्या पांच जागांकडे पाहिल्याशिवाय होत नाहीं.

संघाच्या चालकांनीं तरी तो तसाच केला. मार्चमध्यें फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाहि रजा देण्यांत आली. धंद्याचा निष्ठुरपणा पाहावयाचा असेल तर येथें पाहावा; दुखापत झाली ती त्यांच्या देहाला आणि नोकरी गेली तीहि त्यांचीच. जो टूनी, ऑर्लंडो ब्राउन, क्रीड हम्फ्री, ट्रे स्मिथ अशीं नवीं माणसें आणून फळी नव्यानें बांधली. दोन वर्षांनीं, १२ फेब्रुवारी २०२३ रोजीं, गांठ पडली फिलाडेल्फियाशीं, ज्यांनीं त्या हंगामांत प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकना सत्तर वेळां लोळविलें होतें. त्या दिवशीं त्यांना माहोम्स एकदांहि पाडतां आला नाहीं. कॅन्सास सिटी ३८-३५ अशी जिंकली. आणि चक्र एवढ्यावर थांबलें नाहीं: २०२४ च्या हंगामांत डाव्या टोकाला कोणी टिकेना, मुद्दाम आणलेला अनुभवी टॅकल पहिल्याच सामन्यांत मांडीच्या स्नायूनें दगा दिल्यामुळें बसला, आणि टूनीला गार्डची जागा सोडून टोकाला जावें लागलें. दोन महिने तें ठिगळ चांगलें टिकलें. ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं पुन्हां फिलाडेल्फियाच समोर आली, तेव्हां माहोम्स सहा वेळां पाडला गेला आणि सामना ४०-२२ असा गेला.

संघाच्या जयापजयाची कथा येथें पुरी होते. ज्यांच्या देहावर ती लिहिली गेली त्यांची होत नाहीं. ओकलंडचा सेंटर जिम ऑटो १९६० ते १९७४ अशीं पंधरा वर्षें खेळला आणि लीगचे ओळीनें २१० सामने एकहि न चुकवितां खेळला. फळी कधीं न बदलण्याचें जें भाग्य मघां मीं वाखाणलें, त्याची ही दुसरी बाजू. त्याच्यावर पुढें सत्तरांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि २००७ सालीं त्याचा उजवा पाय कापावा लागला. २०२४ सालीं तो वारला.

पिट्सबर्गचा सेंटर माइक वेब्स्टर त्याच जातीचा. १९७४ पासून १९९० पर्यंत सतरा हंगाम, चार अजिंक्यपदें, शेवटचे दोन हंगाम कॅन्सास सिटीकडे. थंडींतहि उघड्या दंडांनीं खेळणारा हा माणूस निवृत्तीनंतर स्मृति आणि विचार ह्यांचा तोल गमावून बसला, कित्येक रात्रीं त्यानें आपल्या गाडींत काढल्या, आणि २००२ च्या सप्टेंबरांत पन्नासाव्या वर्षीं तो वारला. त्याचा मेंदु वरून पाहतां निरोगी दिसत होता. शवपरीक्षा करणारे बेनेट ओमालू हे नायजेरियांत जन्मलेले तरुण वैद्य. त्यांनीं तो तसाच सोडून न देतां त्याचे पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. वर्षानुवर्षें बसलेल्या धक्क्यांनीं मेंदूंत जो विकार होतो, तो अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलपटूमध्यें प्रथम तेथें ओळखला गेला, आणि २००५ सालीं त्यांनीं तो प्रसिद्ध केला. ओमालू ह्यांना त्या खेळाची गोडी नव्हती. शवागारांत ठेवलेला तो देह माइक वेब्स्टरचा आहे असें त्या सकाळीं त्यांना सांगण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं विचारलें कीं हा माइक वेब्स्टर कोण.